रिव्हर्स लाइटचं बटन

लढाई संपली होती, पण जमिनीतले सुरुंग तिथंच होते. एकाहत्तरच्या लढाईनंतरचा तो हिवाळा. आमचं युनिट पश्चिम सीमेवर होतं आणि मी हवालदार, व्हेइकल मेकॅनिक. आता कनेरगाव नाक्यावर माझं गॅरेज आहे. गिऱ्हाइकं म्हणतात, हवालदार लई किरकिरा माणूस, रिव्हर्सचा लाइट लागल्याबिगर गाडी सोडत न्हाई. खरं हाय. काहून सोडत न्हाई, ते आज सांगून टाकतो.

आमच्याकडं एक जुनी वन टन होती. तुमच्या भाषेत पिकअप. सुरुंग काढणाऱ्या सॅपर लोकांना ती रोज पाणी आणि जेवण पोचवायची. रस्ता म्हणजे सुरुंग पेरलेल्या रानातून साफ केलेली एक पट्टी, गाडीएवढीच रुंद. दोन्ही बाजूंनी जमिनीलगत पांढरी टेप. टेपच्या आत पाय ठेवला तर जगलात, बाहेर ठेवला तर संपलात. आत वळायला जागा नव्हती, म्हणून गाडी जायची सरळ आणि यायची उलटी.

उलट्या येणाऱ्या गाडीला लान्सनायक किसन खिल्लारे रस्ता दाखवायचा. औंढ्याजवळच्या खेड्यातला पोरगा, माझ्याच मुलखाचा. आम्ही दोघं बोलायला लागलो की बाकीची प्लाटून तोंडाकडं बघत बसायची. गाडीच्या मागं, गाडीकडं तोंड करून, तो एक एक पाऊल उलटं टाकायचा. आर्मीची पद्धत अशी, की गाइडनं टॉर्च ड्रायव्हरच्या आरशात दाखवायचा, म्हणजे ड्रायव्हरला माणूस दिसतो. मग गाइडच्या पायाखालची जमीन त्याला कोण दाखवणार? रिव्हर्स लाइट. आणि तोच लागत नव्हता.

किसन म्हणला, "हवालदारसाहेब, अंधार पडला की टेप दिसत न्हाई. आंधळ्यावानी पाय टाकायलो मी. कायतरी करा की."

"करतो लेका. आधी दुखणं कुठं हाय ते बघू दे."

बल्ब काढून दुसऱ्या गाडीला लावला, तिथं पेटला. फ्यूज शाबूत. अर्थिंगचा स्क्रू गंजला होता, तो घासून लख्ख केला. तरी अंधारच. मग गाडीखाली शिरलो. रिव्हर्स गिअर पडला की गिअरबॉक्सवरचा एक छोटा स्विच दाबला जातो आणि लाइट लागतो. टेस्ट लॅम्प लावून बघितलं. करंट स्विचपर्यंत येत होता, पुढं जात नव्हता. स्विचच्या दोन्ही वायरी एकमेकींना टेकवल्या, तर लाइट लखकन पेटला. म्हणजे स्विचच मेला होता.

स्टोअरकडं नवा मागितला. उत्तर आलं, एन.ए., नॉट अव्हेलेबल. पुन्हा मागितला. पुन्हा एन.ए. च्यायला, म्हणलं, वाट बघत बसलो तर कुणाचा तरी जीव जायचा. त्याच दोन वायरी वर ओढल्या आणि डॅशबोर्डवर एक साधं बटन बसवलं. ड्रायव्हर बलबीरनं रिव्हर्स टाकताना ते दाबायचं, बस. त्या संध्याकाळी किसन हसतच आला. "झकास काम केलं बगा. आता पायाचं नख बी दिसायलं."

मग इन्स्पेक्शन आलं. बाहेरून आलेल्या मेजरसाहेबांनी त्या बटनावर छडी ठेवली.

"ये क्या है?"

"रिव्हर्स लाइट का बटन, सर. ओरिजिनल स्विच खराब है, स्टोअर में नहीं है."

"अनऑथराइज्ड मॉडिफिकेशन. निकालो."

"सर, ये गाडी माइनफील्ड में उलटी चलती है. नहीं तो गाडी ऑफ रोड कर दूँ, खडी रखूँ?"

"एक लाइट के लिए गाडी ऑफ रोड? गाडी जैसी इश्यू हुई, वैसी दिखनी चाहिए. निकालो."

अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण हुकूम म्हणजे हुकूम. त्यांच्यासमोर बटन काढलं. गाडी पास झाली.

थोड्याच दिवसांनी सॅपर लोकांचं काम लांबलं आणि गाडी आतच असताना दिवस मावळला. मी पट्टीच्या तोंडाशी वायरलेसवाल्याजवळ उभा होतो.

"गाडी रिव्हर्स में. गाइड पीछे. ओव्हर."

"रॉजर. आहिस्ता. ओव्हर."

किसनचा टॉर्च हलताना दिसत होता. एका खुंटीवरची टेप वाऱ्यानं सुटून बाहेरच्या बाजूला पडली होती. अंधारात किसनचा पाय पट्टीबाहेर गेला, हे आम्हाला सकाळी कळलं. मला दिसला तो फक्त जाळ.

"कॅज्युअल्टी. गाइड. ओव्हर."

पट्टीत धावायची मनाई. चाकाच्या खुणांवरून पाय टाकत गेलो. किसन शुद्धीवर होता. "टेप दिसली न्हाई, हवालदारसाहेब," एवढंच म्हणला. अॅम्ब्युलन्स यायच्या आत गेला.

चौकशी झाली. जबानीत मी बटनाचं सगळं सांगितलं. समोरचे साहेब म्हणाले, "उसका इससे ताल्लुक नहीं." निकाल लागला, गाइडच्या निष्काळजीपणामुळं अपघात. नंतर स्टोअरमधून नवा स्विच आला. मीच बसवला. लाइट फर्स्ट क्लास लागला, आणि मी हातातला पाना भिंतीवर फेकून मारला. आजही ते आठवलं की डोक्यात तिडीक जाते.

सुट्टीवर आलो तो आधी किसनच्या घरी गेलो. जयभीम झाला. त्याचे वडील पाण्याचा तांब्या पुढं ठेवून बसले.

"साहेब, आमचं लेकरू निष्काळजी व्हतं म्हणं?"

"न्हाई बाबा. गाडीला लाइट नव्हता. मी लावला व्हता, तो काढायला लावला."

"मंग आमाला तसं काहून कळवलं?"

"जबानीत मी सगळं सांगितलं, बाबा. त्यांनी धरलं न्हाई."

म्हातारा उठला, डोक्याला पटका गुंडाळला. "चला. हेच चार माणसांत सांगा. गावात लोक बोलून राहिले, खिल्लाऱ्याचं पोरगं सोताच्या चुकीनं मेलं. मला ते ऐकवत न्हाई."

समाजमंदिरासमोर माणसं गोळा केली त्यांनी. मी युनिफॉर्ममध्ये उभा राहून सगळं सांगितलं, आत्ता सांगितलं तसंच. म्हातारा शेजारी ताठ उभा होता. सांगून झाल्यावर म्हणाला, "अजून एकदा सांगा. मागच्यांना ऐकू आलं न्हाई."

तवापासून सांगतच हाय. माझ्याकडं गाडी आली की मी लाइट लावून देतो आणि हे ऐकवतो. कंटाळा आला तरी ऐका. लान्सनायक किसन खिल्लारे निष्काळजी नव्हता.