आधी चावीच मोडली पाहिजे

'सही करणार नाही' असं मी साहेबाच्या तोंडावर आयुष्यात एकदाच म्हटलंय, आणि तेही बोटाएवढ्या लोखंडाच्या तुकड्यासाठी. आज पुन्हा कुणी तो कागद पुढे सरकवला, तर आजही करणार नाही.

चाकणच्या एका फाउंड्रीत मी डिझाइनला होते. नोकरीला पाच महिने झालेले, म्हणजे अजून प्रोबेशनवर. साच्यांची वाळू मळायच्या मिक्सरचा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, चाळीस मिलिमीटर जाड. शाफ्ट आणि त्याला मोटरचा जोर आणून देणारं कपलिंग एकमेकांवर घसरू नये म्हणून दोघांच्या खाचेत चौकोनी तुकडा बसवतात. त्याला आमच्यात चावी म्हणतात. मोटरचा सगळा जोर तिच्यातून जातो. शाफ्टच्या जाडीचा चौथा हिस्सा रुंदी आणि जाडीच्या साधारण दीडपट लांबी घेतली, लोखंडही शाफ्टसारखंच घेतलं, की चावी शाफ्टइतकी दणकट होते. मी रुंदी तीच ठेवली, दहा मिलिमीटर. लांबी मात्र मुद्दाम साठवरून चाळीसवर आणली. आत काही अडकलं तर आधी चावी मोडावी, शाफ्ट वाचावा, एवढाच हिशोब.

आणि ती मोडली. एका आठवड्यात तीनदा. परत वापरायच्या वाळूची चाळणी फाटली होती, त्यातून लोखंडाचे गोळे आत जात होते. चाळणी बदला म्हणून मी दोनदा लेखी दिलं होतं. प्लांट हेडनी बोलावून घेतलं ते चावीबद्दल.

"मॅडम, चावी कडक लोखंडाची करा आणि आजच ड्रॉइंगवर सही करा."

"सर, चाळणी बदला. चावी तिचं काम करतेय."

"मोडणं हे काम?"

"हो, तेच काम."

"कॉलेजचं शहाणपण इथं पाजळू नका. प्रोबेशनवर आहात, लक्षात आहे ना?"

डोकं असं सणकलं म्हणता! मी म्हटलं, "लक्षात आहे. सही करणार नाही."

माझ्या डोळ्यांपुढे मिक्सरवर काम करणारी मावशी होती. धाराशिवकडची बाई, सांडलेली वाळू फावड्यानं ओढायला कपलिंगपासून दोन हातांवर दिवसभर उभी. चावी सारखी बदलावी लागते म्हणून कपलिंगवरची जाळी कुणी परत लावतच नव्हतं. शाफ्ट तुटून कपलिंग सुटलं असतं तर थेट तिच्या अंगावर. हेही मी सांगितलं. ते म्हणाले, "तिला बाजूला उभी करा." बाजू कुठली डोंबलाची? तिच्या पाठीला भिंत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिक्सर एकदाही थांबला नाही. प्लांट हेड माझ्याकडे बघून हसले. मला काही हसू येईना, कारण चाळणी होती तशीच फाटकी होती. मी खाली शॉपमध्ये, मशीनपाशी गेले. तिथले फिटर काका जुन्या चाकण गावातले, तीस वर्षं हातात कानस घेऊन काढलेली. मोठ्या कौतुकानं सांगायला लागले, "ताई, सायबांनी सांगितलं पक्की टाक. मग टूल बिटच घातला की! लेथवर लोखंड कापतो त्यो. बराबर धा मिलिमीटर चौकोनी, घासायबी लागला न्हाई. आता बापजन्मात मोडायची न्हाई."

मी कपाळावर हात मारला. तेवढ्यात आत काहीतरी अडकलं. मोटरचा पट्टा किंचाळला, कपलिंगनं हिसका खाल्ला, आणि चावी काही मोडली नाही. मी धावत जाऊन लाल बटण दाबलं.

प्लांट हेड तावातावानं आले. "कुणाला विचारून बंद केलंत?"

"कुणालाच नाही."

"चालू करा."

मी बटणांच्या पॅनेलला पाठ लावून उभी राहिले. म्हटलं, "आधी कपलिंग काढा. शाफ्ट धड निघाला तर इथल्या इथं राजीनामा देते."

काकांनी पुलर लावून कपलिंग ओढलं. टूल बिट जसाच्या तसा, ओरखडासुद्धा नाही. शाफ्टवर मात्र खाचेच्या कोपऱ्यातून केसाएवढी रेघ तिरकी गेली होती. काकांनी ती फडक्यानं पुसली, वरून नख फिरवलं. नख अडकलं. परत फिरवलं, परत अडकलं; तडाच तो. मग त्यांनी मान वर करून भिंतीपाशी उभ्या असलेल्या मावशीकडे पाहिलं.

"नवा शाफ्ट टाका, जाड टाका," प्लांट हेड म्हणाले. "चावी कडकच पाहिजे."

"म्या न्हाई टाकायचो," काका म्हणाले.

"काय म्हणालात?"

"सायेब, माझ्या हातानं चूक झाली, एकदा झाली. आता ताईच्या कागदावरची चावी बसंल. न्हाईतर दुसरा फिटर बघा."

सगळा शॉप बघत होता. प्लांट हेड वर निघून गेले.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी त्याच मापाचा नवा शाफ्ट आला, नवी चाळणी आली, जाळीला चारही बोल्ट लागले आणि चावी माझ्या ड्रॉइंगची बसली. माझं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढवलं. वाढवा म्हटलं, बापडे!

मिक्सर सुरू करायच्या आधी मावशी फावडं घेऊन माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, "मॅडम, आता ही मोडंल न्हवं?"

"मोडेल, मावशी. शाफ्टच्या आधी हीच मोडेल."

"मग बरंय," ती म्हणाली, आणि आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली.