माहेरचा खोकला

पाठवणीच्या वेळी देवळ्याच्या एसटी स्टँडवर आई कानाशी येऊन म्हणाली, "खोकला आला तं पदर तोंडात धर. पन कोनाला कळू दिऊ नको." सत्त्याण्णव साल होतं. सातवीत शाळा सुटलेली मी. नाशिक मला परदेशच. गाडीत मी रडले नाही. रडलं की उबळ यायची.

कांद्याच्या चाळीतल्या मैत्रिणींनो, कांदा निवडताना आपण सगळ्याच खोकायचो, म्हणून तिकडं ते दुखणं वाटायचंच नाही. आई ओव्याची धुरी द्यायची, धुरानं मी आणखी खोकायचे, मग आई आणखी ओवा टाकायची.

पंचवटीत सासरचा हारांचा धंदा. झेंडूचा ढीग ओतला, की माझा पदर तोंडात. सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, वाटायचं सून फार लाजाळू आहे. आणि मला धास्ती, की टीबी समजून परत पाठवतील. दसऱ्याच्या गर्दीत उबळ आवरेना, तेव्हा आत्याबाईंनी गुपचूप रिक्षा बोलावली. मी समजले, स्टँडवर नेतायत. रिक्षा थांबली दवाखान्यापाशी.

डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, नळीत फुंकायला लावलं, औषधाचा फवारा दिला, थोड्या वेळानं पुन्हा फुंकायला लावलं. म्हणाले, टीबी नाही, अ‍ॅलर्जी आहे. अशा कोरड्या खोकल्याआड कधीकधी दमा असतो, छातीत शिट्टी वाजली नाही तरी. सगळ्यांचा नसतो, तुमचा आहे. दुर्लक्ष केलं तर वाढेल.

इन्हेलर पाहून गल्लीतल्या बाया म्हणाल्या, पंप एकदा लागला की सुटत नाही. आत्याबाई म्हणाल्या, "श्वास तरी कुठं सुटतो गं? तोबी जन्माचाच लागलाय." आणि मला झेंडूवरून उठवून नारळांपाशी बसवलं. त्या माऊलीचे उपकार कसे सांगू?

पुढं काही वर्षांनी आई पहिल्यांदा राहायला आली. लेकीचं घर म्हणून अवघडलेली. जेवता जेवता तिनं पदर तोंडात कोंबला, डोळे पाण्यानं भरले, आणि मला कळलं: मला शिकवलं ते ही बाई जन्मभर स्वतःच करत आली होती.

आत्याबाईंनी ताटावरून मान वर केली. "विहीणबाई, मोकळं खोका. या घरात चालतं. आन् सकाळी माझ्यासंगं दवाखान्यात चला."

आई अशी खोकली, की शेजारचं पोरगं डोकावून गेलं. मग दोघी विहिणी हसत सुटल्या.

कुणी गाव विचारलं, की माझ्या तोंडात अजून देवळाच येतं. पण माहेरी उबळ आली, की मी पिशवी भरते आणि म्हणते, चला, घरी जाते.