बेचाळीस दिवसांत एक हाक

डाबेरामभाऊजींना मी पन्नास वर्षं ओळखते, आणि त्यातली निदान चाळीस वर्षं त्यांच्यावर चिडलेली आहे. माणूस वाईट नाही हो. पण एक वाक्य विचारावं तर उत्तर अर्ध्या शब्दाचं. कुल्लूच्या वर डोंगरातल्या आमच्या धाराबाग गावात सगळेच कमी बोलतात, त्यात हे म्हणजे कळस. सुरमा त्यांची बायको, माझी लहानपणापासूनची मैत्रीण. ती म्हणायची, "फुलादेई, माझ्या नवऱ्यापेक्षा आमची गाय जास्त बोलते गं." आमच्याकडे नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नाहीत. भाऊजी तिला हाकही मारायचे नाहीत, नुसतं खाकरायचे. आणि ती बया तेवढ्यावर धावत जायची.

त्यांचं घर माझ्या घराला लागून. मुलाने, बन्सीने, वरची खोली पाहुण्यांसाठी नीट करून दिली आणि आपण कॅनडाला निघून गेला. बर्फ बघायला येतात लोक. खिडकीत पाय पोटाशी घेऊन बसतात, सारण भरून वाफवलेले सिड्डू तुपात बुडवून खातात, बर्फात लोळतात, फोटो काढतात आणि जातात. त्यांची मजा होते, आपलं बरं चालतं.

पण माघाची संक्रांत झाली की आमचे देव स्वर्गात जातात. बेचाळीस दिवस. तेवढे दिवस गावात आवाज करायचा नाही. देवळाच्या घंटा फडक्याने बांधतात, गाईंच्या गळ्यातल्या घंट्या काढून ठेवतात, टीव्ही मुका चालतो. जमिनीत कुदळ घालायची नाही. आणि हाक तर मुळीच मारायची नाही. ज्याच्याशी काम आहे त्याच्या दारात चालत जायचं. वर देवांची समाधी मोडली तर वर्षभर गावाने भोगायचं. हे अंगात इतकं मुरलेलं की आमची तान्ही पोरंसुद्धा माघात हळू रडतात, असं आम्ही म्हणतो.

चार वर्षांपूर्वी त्याच दिवसांत सुरमा गेली. छपरावरचा बर्फ ओढायला चढली होती. ओढला नाही तर वजनाने दगडी पाट्या तुटतात. भाऊजी आत पाहुण्यांना चहा देत होते, मी माझ्या खिडकीत लोकर पिंजत होते. धप्प झालं. मी ऐकलं, भाऊजींनी ऐकलं, पाहुण्यांनीही ऐकलं. छपरावरून बर्फ घसरला की तसाच आवाज होतो आणि तो दिवसातून दहादा होतो. पाहुण्यांतली एक मुलगी म्हणालीसुद्धा, "अंकल, बर्फ पडला वाटतं." भाऊजी म्हणाले, "हं."

तासाभराने मी लाकडं आणायला घरामागे गेले, तेव्हा ती दिसली. जिवंत होती. कमरेखाली हलता येत नव्हतं. आणि तोंडात तिने आपल्याच पट्टूचं, अंगावर गुंडाळायच्या लोकरी वस्त्राचं, टोक कोंबलं होतं, ओरडू नये म्हणून. तो लोकरीचा बोळा मी माझ्या या हातांनी काढला. खाली कुल्लूला नेईपर्यंत ती गेली. तेराव्याला बायका म्हणाल्या, धर्माची बाई, शेवटपर्यंत मर्यादा पाळली. मला एकेकीच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण माघ चालू होता ना, मीही गप्पच बसले.

तेव्हापासून छपरावरून बर्फ पडला की भाऊजी उठतात. जेवत असले तर हात तसाच खरकटा ठेवून उठतात, घराला फेरी मारतात, मागे डोकावतात आणि परत जातात. दिवसातून दहादा पडला तर दहादा.

या वर्षी संक्रांतीनंतर आठव्या दिवशी त्यांच्याकडे एक बाई आल्या. शिप्रा नंदी, कलकत्त्याच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, मागेपुढे कुणी नाही, पंधरा दिवस निवांत राहायचं म्हणून आलेल्या. भाऊजींनी पहिल्याच संध्याकाळी त्यांना सांगितलं, "इथे हाक मारायची नाही. देव वर गेलेत." बाई म्हणाल्या, "बरं झालं. पस्तीस वर्षं पोरांवर ओरडून घसा फुटलाय माझा."

दोघांचं जमलं. कसं, ते मला विचारू नका. शेगडीपाशी समोरासमोर बसायचे, बाई विणायच्या, हे दोर वळायचे. तासन्‌तास एक शब्द नाही. दुपारी बाई सफरचंदाच्या बागेच्या बाजूला फिरून यायच्या आणि हे दार उघडं टाकून बसायचे, बाहेर हाडं गोठवणारी थंडी असली तरी. एकदा मी सिड्डू चाखला आणि म्हटलं, "काय भाऊजी, हल्ली सारणात अक्रोड फार पडायला लागलेत!"

"हं," ते म्हणाले. पण कान लाल झाले हो म्हाताऱ्याचे.

बाविसाव्या दिवशी दुपारी बाई नेहमीसारख्या फिरायला गेल्या आणि धुकं उतरलं. मागून बर्फ सुरू झाला. तीन वाजले, बाई नाहीत. भाऊजी माझ्या दारात आले. बागेकडे नुसतं बोट दाखवलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि पट्टू गुंडाळूनच बाहेर पडले.

पावलांच्या खुणा केव्हाच बुजल्या होत्या. देवळाचा कारभार बघणारे ठाकरदास आले, आणखी सहा-सात माणसं आली. ठाकरदास हळूच म्हणाले, "सगळी बाग पालथी घालू. पण आवाज नको कुणाचा. बावीस दिवस पार पडलेत, वीसच राहिलेत." आणि आम्ही ओळ करून निघालो. सफरचंदाच्या झाडांमधून, गुडघाभर बर्फात, मुक्याने. हाताच्या अंतरावरचं दिसत नव्हतं. दोन फेऱ्या झाल्या. उजेड उतरायला लागला. अशा बर्फात अंधार पडल्यावर सापडलेलं माणूस जिवंत नसतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

वरच्या बांधापाशी कुठेतरी फांदीवरचा बर्फ खाली आला. धप्प.

भाऊजी जागच्या जागी थांबले. मग त्यांनी तोंड उघडलं आणि ओरडले, "सुरमा!"

देवाशप्पथ सांगते, माझ्या अंगावर काटा आला. अडतीस वर्षांच्या संसारात जे नाव त्यांनी घेतलं नाही, ते डोंगराला आपटून परत आलं. ठाकरदासांनी त्यांचा दंड धरला. "डाबेराम, वेड लागलं का? गाव बुडवशील!" भाऊजींनी दंड सोडवून घेतला आणि पुन्हा ओरडले, "सुरमा! अगं सुरमा!" घसा फाटेस्तोवर. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

तिसऱ्या हाकेला कुणीतरी ओ दिली. अगदी बारीक. बांधाच्या पलीकडून.

शिप्राबाई बांधाखालच्या खळग्यात बसल्या होत्या. पाय घोट्यात मोडलेला, ओठ निळे पडलेले. मला आधी रडू आलं आणि मग राग. "बाई, तोंड शिवलं होतं का तुमचं? दोनदा गेलो आम्ही इथून!"

"पावलं ऐकू येत होती," त्या म्हणाल्या. दात वाजत होते. "पण यांनीच सांगितलं होतं ना, इथे हाक मारायची नाही."

भाऊजींनी अंगातला कोट काढून त्यांच्याभोवती गुंडाळला.

आम्ही त्यांना फळीवर घालून आणलं. वाटेत बाईंनी विचारलं, "सुरमा कोण?" फळीचं टोक सावरत भाऊजी म्हणाले, "आमची."

दुसऱ्या दिवशी गाडी बाईंना खाली दवाखान्यात घेऊन गेली. तिथूनच त्या कलकत्त्याला गेल्या. पाय बरा आहे असा फोन आला, पुन्हा येईन असंही म्हणाल्या. म्हणतात सगळेच. इकडे उरलेले वीस दिवस गावाने भाऊजींशी बोलणं टाकलं. तसंही त्यांच्याशी कोण बोलत होतं म्हणा! पण आता त्यांच्या दारावरून जाताना लोक नजर वळवायचे. कुणाची शेळी आजारी पडली तर त्यांच्यामुळे, कुणाची वाट खचली तर त्यांच्यामुळे. मी रोज ताट झाकून नेऊन द्यायचे. निम्मं परत यायचं.

फाल्गुनात देव परत आले. देवळात सगळं गाव जमलं. घंटा सोडल्या, ढोल वाजले. गुराच्या, म्हणजे देव ज्याच्या तोंडून बोलतो त्या माणसाच्या, अंगात देव आला आणि त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "माझ्या माघात हाक कुणी मारली?"

भाऊजी पुढे झाले. बर्फावर अनवाणी. "मी."

"माफी माग."

भाऊजींनी हात जोडले. म्हणाले, "या हाकेची नाही मागणार, देवा. चार वर्षांपूर्वी आवाज ऐकून मी उठलो नाही. ती तोंडात कापड कोंबून पडली, कारण मी येईन असं तिला वाटलं. त्याची मागतो."

इतकं लांब बोललेले भाऊजी मी जन्मात पहिल्यांदा ऐकले. ढोल थांबले. गुर नुसता थरथरत उभा होता. त्याला काही सुचेना की देवाला सुचेना, ते मला माहीत नाही. मग त्या वर्षाचं भाकीत बघायला, देव जाताना लिंपून ठेवलेली देवळातली माती उघडली. कोणी म्हणतात फूल निघालं, म्हणजे वर्ष चांगलं; कोणी म्हणतात कोळसा, म्हणजे वाईट. मी बघितलंच नाही. मी भाऊजींच्या मागे घरी चालत आले.

आता त्यांच्या खोलीत येणाऱ्या पाहुण्यांना ते स्वतःहून सांगतात, "माघात हळू बोला. पण पडलात तर ओरडा. देवाचं मी बघून घेईन." पाहुणे हसतात. पंधरा दिवस राहतात, जातात. मग खोली रिकामी, शेगडीपाशी एकच माणूस.

छपरावरून बर्फ पडला की ते अजून उठतात. दार वाजलं की मी माझ्या खिडकीतून, माघ असो नाहीतर काही असो, चांगली खणखणीत हाक मारते, "भाऊजी, बर्फच आहे हो! मी बघितलंय!"

"हं," ते म्हणतात, आणि तरीही घरामागे जाऊन एकदा बघून येतात.