दुधाची परीक्षा

माझ्या दुधाची परीक्षा आमच्या चुलत सासऱ्यांनी घेतली. ते पार्ल्याला राहायचे. नोकरी पोस्टात, पण घराण्यात पूर्वी वैद्यकी होती म्हणून सगळ्या नातेवाइकांच्या पोटाचं तेच बघायचे. आल्या आल्या त्यांनी वाटीत पाणी मागितलं. बाळंतिणीने त्यांच्यासमोर जायचं नव्हतं, म्हणून माझं दूध सासूबाईंनी चमच्यात काढून नेलं. चांगलं दूध पाण्यात मिसळून जातं म्हणे. माझा थेंब तळाला गेला. पडद्याआडून मला ऐकू आलं, "वहिनी, दूध जड आहे. पोरीला सोसणार नाही."

हे घडलं अंधेरीला, चाळीतल्या आमच्या दोन खोल्यांत. गिरणी संपात बंद पडल्यावर नवरा मरोळच्या एका कारखान्यात लागला होता आणि दिवसभर घरात मी, सासूबाई आणि ती एवढीशी मुलगी. माझी आई मी शाळेत असतानाच गेली, त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ते सासरीच झालं. सासूबाई मालवणकडच्या. त्यांनी हयगय केली असं मी कधीच म्हणणार नाही. शेक-शेगडी, अळीवाची खीर, बाळंतशोपा, सगळं वेळच्या वेळी. मुलीला त्या लाडाने चेडू म्हणायच्या, त्यांच्याकडे मुलीला तसंच म्हणतात.

पण चेडू वाढत नव्हती. अंगावर घेतलं की दोन घोट ओढायची, सुटायची, तोंडाने टक् टक् आवाज करायची, रडायची, परत तोंड लावायची. तासभर पिऊनही उपाशीच. मला चिरा पडून रक्त यायचं. सासूबाई म्हणायच्या, "दूध आसा, पण तिका लागणा नाय गो." मी सांगत होते की ती पीतच नाहीये, सारखी सुटतेय. पण माझं बोलणं लहानपणापासून बोबडं. र आणि ळ धड येत नाहीत, घाईत बोलले तर शब्दांचा नुसता काला होतो. शाळेत माझी नक्कल करायचे, सासरी नक्कल नाही केली, नुसतं अर्धवट ऐकून मान फिरवायचे. मला तर नक्कल परवडली असती.

काका-सासऱ्यांनी वरचं दूध द्यायला सांगितलं, अर्धं पाणी घालून, म्हणजे पचेल. बाटली आली. नळाला पाणी सकाळी तेवढं यायचं, मग पिंपातल्या साठवलेल्या पाण्यानेच बाटली धुवायची. रॉकेल असलं तर उकळायची, नसलं तर नाही. बाटलीचं भोक मोठं केल्यावर दूध आपोआप तोंडात पडायचं आणि चेडू प्यायची. सासूबाईंचा चेहरा खुलला. माझ्या अंगावर तिला घेणं बंद झालं.

पावसाळ्यात तिला जुलाब लागले. नवऱ्याने तिला रिक्षातून म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात नेलं, सलाइन लावली, पण तिच्यात काही उरलंच नव्हतं. एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत, पुरतात, आणि बायकांनी तिथे जायचं नसतं. मी घरी बसून राहिले. माझं दूध मात्र थांबेना. सासूबाईंनी छाती फडक्याने घट्ट बांधली, तरी ब्लाउज भिजायचा आणि मी मोरीत उभी राहून ते पिळून टाकायचे. आजूबाजूच्या बायका भेटायला यायच्या, जाताना दाराबाहेर कुजबुजायच्या की हिचंच दूध बाधलं. मीही तेच मानून बसले होते.

पुढे मुलगा झाला. घरी आणल्यावर पाजायला घेतला आणि तोच टक् टक् आवाज आला. तसाच सुटायचा, तसाच रडायचा, मला तशाच चिरा. सासूबाईंनी नवी बाटली आणूनच ठेवली होती. म्हणाल्या, "ह्या टायमाक वाट बघीत बसा नको." काका-सासरे रविवारी येणार होते. मी नवऱ्याला एवढंच म्हटलं, "बाटली याच्या तोंडाला लागली तर मी या घरात राहणार नाही. मला दवाखान्यात ने." सव्वा महिना बाळंतिणीने उंबरठा ओलांडायचा नसतो. सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. मी त्यांच्या बाजूने वाट काढून बाहेर पडले.

दवाखान्यातली डॉक्टर माझ्याच वयाची असेल. रांग मोठी, आवाज चढलेला. "इथेच पाज बघू," म्हणाली. मी पाजायला घेतलं. तिने क्षणभर ऐकलं, मग मूल काढून घेऊन करंगळी त्याच्या तोंडात घातली आणि जीभ वर उचलली. "जीभ बांधलेली आहे याची. हा पडदा बघ." जिभेखाली पांढरट पातळ पडदा होता, थेट टोकापर्यंत. "जीभ पुढे येतच नाही तर ओढणार कशाने? तू कितीही दूध दे." तिने वरचा ओठही उलटून पाहिला. तिथलाही पडदा जाड होता, पण म्हणाली, "हा राहू दे, याने काही अडत नाही. ज्याला पिता येतं त्याचं काहीच कापायचं नसतं. याला येत नाही, म्हणून कापायचं."

नर्सने डोकं धरलं. एक छोटी कात्री, एक किंकाळी, कापसावर रक्ताचा ठिपका. "लाव लगेच अंगावर." मी लावलं. त्याने तोंड भरून धरलं आणि आवाज आला तो फक्त गिळण्याचा.

"आता तू जीभ बाहेर काढ," डॉक्टर म्हणाली. मी काढली. "अजून." म्हटलं, एवढीच येते. "मग तुझीही बांधलेली आहे. घराण्यात चालतं हे. मोठेपणीही सोडवता येते, फक्त इंजेक्शन, टाके आणि नंतर जिभेचे व्यायाम. बोलायला त्रास होतो का?" मी म्हटलं, "बोलते, पण माझं ऐकतंय कोण?" ती हसली.

मग मी पहिल्या मुलीचं विचारलं. ती हसायची थांबली. बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, म्हणाली. पण मला सांगायची गरज नव्हती. चेडू रडायची तेव्हा तिच्या जिभेच्या टोकाला खाच पडायची, पत्त्यांतल्या बदामाला असते तशी. ती खाच सगळ्यांनी पाहिली होती. सासूबाई शेजारणींना बोलावून दाखवायच्या, "बदामाची जीभ, गोड बोलतली." माझं दूध चमच्यात काढलं, पाण्यात सोडलं, चारचौघांत त्याचा निकाल लागला. पोरीच्या तोंडात बोट घालायचं एकालाही सुचलं नाही. आजही हे आठवलं की मला रडू येत नाही, राग येतो.

घरी आल्यावर सासूबाईंना मीच सांगितलं, सावकाश, शब्द तोडून तोडून, माझ्या जिभेसकट सगळं. त्यांनी या वेळी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "म्हणजे ह्यां तुझ्याकडसूनच इलां ना?"

माझं डोकं फिरलं. नवरा नुसतं "आई" म्हणाला. पाजताना भिंतीकडे तोंड करून, पदर ओढून बसायचं ही आमच्या घरची रीत. मी मूल घेऊन त्यांच्या समोर बसले, पदर बाजूला टाकला आणि त्याला लावलं. तो प्यायला लागला, एका दमात, ओठांच्या कडेने दूध ओघळेपर्यंत.

"बघा," मी म्हटलं. "तिलाही हेच दूध होतं."

सासूबाई बघत राहिल्या. मुलगा पोट भरल्यावर आपणहून सुटला आणि झोपला, तरी बघत होत्या. मग भिंतीला धरून खाली बसल्या.

"म्हणजे चेडू उपाशी गेलां गो?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.