सिस्टरांच्या बाळंतिणी

"हळू! आत बाळंतीण आहे."

फाटकाची कडी वाजली की आतून हे वाक्य यायचं आणि मागोमाग ओठांवर बोट ठेवलेल्या सिस्टर यायच्या. नवखा माणूस ओशाळून चपला हातात घ्यायचा. आम्ही गल्लीतली माणसं मात्र ओळखून होतो. बाळंतीण म्हणजे कधी जास्वंदीची पानं शिवून त्यात अंड्यांवर बसलेली शिंपीण, तर कधी पायपुसण्याचा काथ्या ओढून नेणारी खार. एका पावसाळ्यात मागच्या लाकडांच्या ढिगात मुंगशीण व्याली, तेव्हा सिस्टरांनी धुणंसुद्धा आपटायचं बंद केलं होतं.

नाशिक रोडची आमची गल्ली म्हणजे बैठे बंगले, पुढे हातभर बाग आणि स्टेशनात गाडी शिरली की घरात ऐकू येणारी शिट्टी. सिस्टर एका प्रसूतिगृहातून निवृत्त झालेल्या. यजमान लवकर गेले होते, घरात एकुलती एक लेक. अर्ध्या नाशिक रोडची बाळंतपणं त्यांच्या हातून झालेली, त्यामुळे भाजीवालीपासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांना त्या एकेरीत दटावायच्या. नोकरी संपली तरी सवय जाणार कुठे? मग त्यांनी बागेतच वॉर्ड उघडला.

एकदा शेजारी नवीन लग्न झालेलं जोडपं राहायला आलं. त्या मुलीने आठवडाभर "बाळंतीण आहे, बाळंतीण आहे" ऐकलं आणि बिचारी अळिवाचे लाडू आणि टोपडं घेऊन भेटायला आली. सिस्टर हसल्या नाहीत. तिला हाताला धरून घरट्यापाशी नेलं आणि डब्यातला एक लाडू स्वतःच्या तोंडात टाकला. "बाळंतीण खात नाही हे, पण सुईणीला चालतं." टोपडं परत दिलं, म्हणाल्या, "ठेव जपून, तुलाच लागेल." वर्ष उलटायच्या आत लागलंही.

त्यांच्या शिस्तीपायी आम्ही गल्लीच्या तोंडाशीच स्कूटर बंद करून ढकलत आणायचो. दिवाळीत फटाके कोपऱ्यावर. कुरकूर भरपूर करायचो, नाही असं नाही. पण पाहुणे आले की आमचीच छाती फुगायची. माझा पुण्याचा मेहुणा आला की मी त्याला मुद्दाम सकाळी उठवून भारद्वाज दाखवायचो. त्याच्या सोसायटीत नुसती कबुतरं!

आता सिस्टर नाहीत. पण त्यांची आठवण निघाली की गल्लीतला प्रत्येक जण त्यांच्या लेकीच्या लग्नाचीच गोष्ट सांगतो, आणि आपणच ती सगळ्यात जवळून पाहिली असं सांगतो. मीही तेच सांगणार आहे.

स्थळ पिंपळगाव बसवंतचं, द्राक्षबागांवाले, तालेवार. मांडव गल्लीच्या टोकाला मोकळ्या प्लॉटवर. सगळं ठरलं आणि ऐन वैशाखात सिस्टरांच्या फाटकावरच्या मधुमालतीत बुलबुलीने घरटं केलं. मारुतीच्या देवळातून नवरदेव वाजतगाजत निघणार, तो नेमका या फाटकावरूनच जाणार. लग्नाच्या दिवशी घरट्यात पिल्लं होती.

घोड्यावर नवरदेव आणि पुढे बँड अशी वरात कोपऱ्यावर आली. तिथे सिस्टर नव्या पैठणीत, रस्त्याच्या मधोमध हात जोडून उभ्या. "एवढी गल्ली शांतपणे चला. पुढे मांडवात हवं तेवढं वाजवा."

नवरदेवाचे चुलते पुढे झाले. त्यांचा फेटा आधीच रागाने हलत होता. "बाई, आमच्या पोराचं लगीन हाय का मयत? पाखरापायी बँड बंद? लोकं काय म्हणतील आम्हाला?"

बापाविना वाढलेली पोर, वरपक्ष रुसला तर काय घ्या? मी हळूच म्हणालो, "सिस्टर, आजच्या दिवस जाऊ द्या." त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"जन्मभर बाळंतिणीच्या दारात गोंगाट होऊ दिला नाही मी," त्या चुलत्यांना म्हणाल्या. "आज माझ्या घरचं कार्य आहे म्हणून होऊ देऊ?" आवाज ठाम होता, पण हात जोडलेलेच होते. घाबरल्या होत्या त्या, आणि तरी हलत नव्हत्या.

तेवढ्यात मागच्या जीपमधून नवरदेवाची आजी उतरली. काठी टेकत फाटकापाशी गेली, मान वर करून वेलीत बघत राहिली. "अंड्यावर हाय का पिल्लं?"

"पिल्लं. कालच डोळे उघडलेत."

आजी वळली. "बंद करा रं ते वाजवणं! लेकुरवाळीच्या दारात असा दंगा करत्यात व्हय? लय शहाणी सोयरीण मिळाली आपल्याला."

मग जी वरात निघाली, तशी नाशकात कुणी पाहिली नसेल. बँडवाले कर्णे काखेत मारून चाललेले. घोड्याच्या टापा आणि बायकांच्या बांगड्या, एवढाच काय तो आवाज. सगळ्यात पुढे तेच चुलते, मागे वळून पोरांना दटावत होते, "ए, हळू चला की! बाळंतीण हाय हितं." आम्ही दोन्ही बाजूंना उभे होतो. आमच्या गल्लीचा इतका अभिमान मला ना त्याआधी कधी वाटला, ना त्यानंतर.

संध्याकाळी पाठवणीच्या वेळी लेक फाटकाशी येऊन सिस्टरांच्या गळ्यात पडली. ती मुसमुसत होती, आवाज दाबून. आईने लावलेलं वळण. सिस्टरांनी तिची पाठ थोपटली, ओटी सारखी केली, गाडीचं दार स्वतः लावलं. गाडी कोपऱ्यावर वळली आणि सिस्टरांनी हंबरडा फोडला. मधुमालतीखाली, भर गल्लीत, मोठ्याने. बुलबुल फडफडून तारेवर जाऊन बसली. आम्ही सगळे तिथेच होतो, पण सिस्टरांना गप्प करायला कुणीही पुढे झालं नाही.