मंगळवारचा बर्फवाला

१४ डिसेंबर १९५८, रविवार. वर्षाचा तांदूळ भरून ठेवायचा आहे. दोन पोती पाखडून झाली, एक राहिलं आहे, कडुलिंबाचा पाला ओट्यावर वाळत घातला आहे. हे काम मी दरवर्षी एका दिवसात उरकते. आज मात्र तीनदा सूप खाली ठेवून आत गेले आणि फळीवरचं पोस्टकार्ड वाचून परत आले. कार्ड काल आलं. बर्फवाल्या भाऊंचं आहे. त्यांना माझ्याकडून दोन ओळी लिहून हव्या आहेत. त्या लिहायला बसले, तर त्या राहिल्या बाजूला आणि हेच लिहून होत आहे.

बर्फवाले भाऊ कोणत्याही सिनेमाला चांगला म्हणत नसत. सिनेमाची शिफारस करायला ते दारोदार जात आणि दारात उभं राहून आधी त्याचं वाईट सांगत. “हा शिनेमा पाहून जेवण गोड नाई लागणार, बाई. जेवूनच या.” भोंगा घेऊन बैलांच्या दमणीतून गावभर फिरत, तेव्हाही तेच. शेवट आधीच सांगून टाकत. “शेवटी म्हातारा मरते. आताच सांगून ठेवतो. मंग म्हणू नका का सांगितलं नाई.” शेठजी कपाळाला हात लावत. पण म्हातारा कसा मरतो ते पाहायला तीस-चाळीस माणसं तरी येत.

धानाची कापणी झाली की आमच्या मूल गावच्या बाजाराच्या मैदानावर तंबू टॉकीज लागते. तंबू भाताच्या गिरणीवाल्या शेठजींचा. सिनेमाचं मशीन त्यांचा मेहुणा चालवतो. छोट्या रेल्वेने नागपूरहून रिळांच्या पेट्या आणायच्या, जाहिरात करायची आणि तंबूत गडबड झाली की दोन्ही बाजूंची समजूत काढायची, ही कामं भाऊंची. एरवी देवाधर्माचे आणि गाण्यांचे सिनेमे लागत. मंगळवारी तंबू रिकामा जाई, म्हणून शेठजींनी तो वार भाऊंना देऊन टाकला. नागपूरच्या एका गोदामात परदेशी सिनेमे धूळ खात पडलेले असत, त्यातला एक भाऊ निवडून आणत. कुठल्या कुठल्या देशांचे ते सिनेमे, पण भाऊंच्या निवडीत एक ठरलेलं असे. त्यात गाणं नसे, हसणं नसे, आणि केव्हा तरी बर्फ पडे. म्हणून ते बर्फवाले. परगावचा एक पाहुणा हे नाव ऐकून त्यांच्याकडे गोळा मागायला गेला होता.

कोणता सिनेमा कोणासाठी, हे ते माणूस पाहून ठरवत. पोस्टमास्तर गावात अबोल म्हणून माहीत होते. त्यांना भाऊंनी गोठलेल्या नदीवरचा पूल राखणाऱ्या माणसाचा सिनेमा पाहायला लावला. त्यात अर्धा तास कोणी एक शब्द बोलत नाही. पोस्टमास्तर घरी गेले ते बोलतच सुटले, दोन दिवस थांबेनात. त्यांची बायको शाळेत येऊन मला म्हणाली, “त्या बर्फवाल्याले सांगा, आमच्या घरी आता एक मुका शिनेमा पाठव म्हणा.” उलट नव्याने लग्न झालेली एक मुलगी हौसेने आली, तर तिला त्यांनी तिकीटच दिलं नाही. “तू एक वर्ष हसून घे. मंग ये. हा शिनेमा कुठी पळून नाई जात.”

पडद्यावरची भाषा कोणालाच कळत नसे. भाऊ पडद्याशी बांबूची काठी घेऊन उभे राहत आणि कोण कोणाला काय म्हणतो ते आपल्या झाडीबोलीत सांगत. त्यांना ती भाषा येते असा गावाचा समज होता. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “ते काय बोलले ते मले काय मालूम, बाई. गोदामात दोनदा पाहून घेतो. तोंडं पाहिली का समजते.” एकदा समुद्रावरच्या कोळ्यांचा सिनेमा होता. तळ्यावरचे ढिवर मासेमारी सोडून आले होते. त्यातला एक म्हातारा मध्येच उठला आणि म्हणाला की हा माणूस जाळं चुकीचं टाकून राह्यला, याले एक मासोळी भेटणार नाई. भाऊंनी काठी त्याच्या हातात दिली. पुढचा सगळा सिनेमा त्या म्हाताऱ्याने सांगितला आणि भाऊ खाली बसून ऐकत राहिले.

आता आमच्या तंबूची बैठक सांगायला हवी, कारण माझं सगळं त्यातच घडलं. पडदा तंबूच्या मध्यावर टांगलेला असतो. पुढे पुरुष बसतात, मागे बाया. कापड पातळ, त्यामुळे आम्हालाही सगळं दिसतं, फक्त उलटं. आमच्या बाजूची माणसं डाव्या हाताने जेवतात, डाव्या हाताने सही करतात. बाया सतरंजीवर बसतात. मी मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका, म्हणून माझ्यासाठी पडद्याच्या बरोबर मध्यावर एक खुर्ची असते. भाऊ पुरुषांच्या बाजूने काठीने दाखवत, तेव्हा काठीचं टोक कापडात रुतून आमच्याकडे येई. लहान मुली ते टोक पकडायला धावत.

गेल्या फेब्रुवारीत ते शाळेच्या ओट्यावर आले. म्हणाले, “बाई, या मंगळवारचा खेळ कोणाले पाहा म्हणत नाई मी. पण तुमी या. तुमी याच.” असं त्यांनी कधी कोणाला म्हटलेलं नव्हतं. मी गेले.

दोन बहिणींचा सिनेमा होता. मोठी गावात मानाची, घर ऊबदार. धाकटी आजारी होऊन बर्फातून चालत तिच्या दारी येते. मोठी तिला ओसरीवर बसवते, गरम काही तरी प्यायला देते आणि आत घेत नाही. धाकटी उठते, चालू लागते. दार बंद होतं. त्यानंतर कितीतरी वेळ पडद्यावर फक्त ते दार होतं. मग दाराच्या काचेत मोठीचं तोंड दिसलं आणि भाऊंचा आवाज आला, “हे पाहा. हीच ते मोठी. हिनंच दार लावलं.” आणि काठीचं टोक कापडातून बाहेर आलं, सरळ माझ्या तोंडासमोर, हातभर अंतरावर. सतरंजीवरच्या बाया वळून पाहू लागल्या. काठीकडे पाहत होत्या की माझ्याकडे, हे मी थांबून तपासलं नाही.

माझी धाकटी बहीण कुसुम धानोऱ्याकडे दिलेली होती. तीन वर्षांपूर्वी ती एका दुपारी पेटी घेऊन माझ्याकडे आली. खोकत होती. चांद्याच्या डॉक्टरांनी क्षय सांगितला होता. मी शाळेच्या आवारातल्या खोल्यांत राहते. मुलींचे आईबाप काय म्हणतील, तपासणीला साहेब येतील ते काय म्हणतील, हे सगळं मी चहा उकळेपर्यंत ठरवून टाकलं. चहा वेगळ्या कपात दिला, ओसरीवर. संध्याकाळच्या मोटारीने तिला परत पाठवलं. मोटारीत बसताना ती म्हणाली, “ताई, कप घासून ठेव.” दोन महिन्यांत ती गेली. गावात मी सांगितलं की सासरच्यांनी आजारपण कळवलंच नाही. सगळ्यांनी सासरच्यांना नावं ठेवली. मी ती ठेवू दिली.

तेव्हा त्या खुर्चीत बसून माझी खात्री झाली की भाऊंना हे कुठून तरी कळलं आहे आणि त्यांनी तो सिनेमा मला उघडं पाडायला आणला आहे. आठ दिवसांत मी महिला मंडळातर्फे शेठजींकडे तक्रार लिहिली. अक्षर माझं चांगलं आहे. असल्या चित्रपटांनी स्त्रियांच्या मनावर अनिष्ट परिणाम होतो, असं लिहिलं. खाली बाकीच्या बायांनी सह्या केल्या. बाईंनी लिहिलं म्हणजे बरोबर असणार, एवढंच त्यांना माहीत होतं. पोस्टमास्तरांची बायको तेवढी अडली. म्हणाली, “आमच्या घरी तं बरंच झालं होतं त्यानं.” मी तिच्याकडे पाहिलं, तशी तिनेही सही केली. शेठजींच्या मुनिमाने तो कागद गिरणीत, हमालांसमोर, भाऊंना उभं करून वाचून दाखवला. त्याच दिवशी त्यांचं काम गेलं.

जाण्याआधी ते निरोप घ्यायला आले. हातात पत्र्याची पेटी होती. रागावलेले नव्हते, त्याने मला जास्तच चीड आली. मी विचारलं, माझ्या घरचं तुम्हाला कोणी सांगितलं?

“कोणतं घरचं, बाई?”

त्यांचं तोंड पाहिल्यावर मला कळलं की त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी म्हटलं, मग मलाच काऊन बोलावलं? त्यांच्याशी बोलताना माझ्या तोंडी त्यांचे शब्द येत.

पेटी खाली ठेवून ते ओट्याच्या कडेला टेकले. “त्या दोघी बहिणी होत्या का नाई, मलेच मालूम नाई. मालकीण अन् मोलकरीण असतील. ते दार पाहिलं अन् मी आपलं सांगितलं. माहा मोठा भाऊ सिरोंच्याहून आला होता माह्याकडं नागपूरले, आजारी. मी खोलीत होतो. आवाज नाई दिला. तो लय वेळ उभा होता, बाई. पायाचा आवाज येत होता मले.” मग म्हणाले, “ते कधी तरी मोठ्यानं सांगा लागत होतं. पण पडद्यामागं बाया रडून राह्यल्या का मले सांगता येत नाई. तुमी रडत नाई. म्हणून म्हटलं, तुमी या.”

माझ्याजवळ सांगण्यासारखं तेच होतं आणि ऐकायला समोर तोच माणूस होता. मी म्हटलं, मोटार चुकेल तुमची. ते उठले. जाता जाता, तक्रारीतलं अक्षर फार सुंदर होतं, असं म्हणाले. टोमणा मारण्याची त्यांना सवय नव्हती.

याला आता दहा महिने होतात. या दहा महिन्यांत शेठजींना जाऊन सांगणं अवघड नव्हतं. गिरणी शाळेपासून पाच मिनिटांवर आहे. मी रोज तिच्यावरूनच जाते.

कार्डात लिहिलं आहे की ते अहेरीकडे लाकडाच्या डेपोत ओंडक्यांवर आकडे टाकायचं काम करतात. डोळ्यांना त्रास होतो. शेठजींना त्यांनी निरोप पाठवला होता. शेठजींचं म्हणणं, बाईंनी हरकत नाही असं लिहून दिलं तर यंदा परत ठेवतो, नाही तर दुसरा माणूस पाहून ठेवला आहे, त्याला सोमवारी हो म्हणतो. खाली लिहिलं आहे : “नागपूरच्या गोदामात एक नवा शिनेमा आला असे ऐकतो. त्यात दोन तास एक बाई घर झाडते. तो तुमच्या कामाचा नाही. तुम्ही पाहू नये.”

सोमवार उद्या आहे. ‘हरकत नाही’ एवढं लिहिणं सोपं आहे. शेठजी त्यांना ठेवतील आणि गावात म्हणतील, बाईंचं मन मोठं, माफ केलं. ते मला चालेल का, हे मी सकाळपासून तांदळातले खडे वेचताना पाहते आहे. तीन कागद फाडले. तिसरं पोतं तसंच राहिलं.

१५ डिसेंबर. सकाळी आठ वाजता गिरणीत गेले. मी लिहिलेलं असं होतं : फेब्रुवारीतली तक्रार खोटी होती. ती मी लिहिली, बाकीच्यांनी माझ्या शब्दावर सह्या केल्या. सिनेमात अनिष्ट काही नव्हतं. कारण माझ्या घरचं होतं. भाऊंना परत ठेवावं. मागचा कागद जसा वाचला तसाच हाही वाचावा, असं मी मुनिमाला सांगितलं. त्याने शेठजींकडे पाहिलं आणि वाचला. हमाल पाठीवरची पोती उतरवून उभे राहिले. शेठजी म्हणाले, “ठीक आहे, ठेवतो त्याले. पण बाई, घरचं म्हणजे काय?”

कुसुम माझ्याकडे आली होती, मी तिला ठेवून घेतलं नाही, असं मी म्हटलं. गिरणी चालू होती, शेठजींना ऐकू गेलं नाही. त्यांनी कानामागे हात धरला. मी पुन्हा सांगितलं, या वेळी मोठ्याने.