हात लावू नये, हात द्यावा

वैदेही वहिनींचा फोन आला तेव्हा मी सिटीवेस्टच्या लुआस ट्रामच्या थांब्यावर उभा होतो. "भावजी, हेमंत उठत नाहीये," एवढंच बोलल्या. समोर ट्राम लागली, दार उघडलं, माणसं चढली, दार बंद झालं... आणि मी उलट्या दिशेने धावत सुटलो. त्यांचं घर आमच्याच रांगेतलं तिसरं. मी पोचलो तोवर अ‍ॅम्ब्युलन्सवाले आले होते, आणि घाई करायचं थांबलेही होते. याला आता आठ आठवडे झाले. इतके दिवस लिहायचं टाळलं, कारण माझा त्याच्यावरचा राग अजून गेलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं म्हणतात. बघतो जमतंय का.

हेमंत देवस्थळी इथल्या एका कॉलेजात अमेरिकन राज्यव्यवस्था शिकवायचा. पुण्याचा माणूस आयर्लंडमध्ये बसून आयरिश पोरांना अमेरिकेचं संविधान शिकवतो, यावरून आम्ही आयटीवाल्यांनी त्याची भरपूर खेचली. तो म्हणायचा, "तुम्ही सगळे उद्या कंपनीच्या कामाने तिकडेच जाणार आहात लेको, निदान काय असतं ते कळून तरी जा." आणि त्याने रविवारी सकाळी घरीच वर्ग सुरू केला. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी त्याच्या टिपणाचं मराठी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी 'सिव्हिल राइट्स'ला 'नागरी हक्क' लिहिलं आणि 'सिव्हिल लिबर्टीज'लाही 'नागरी हक्क'च. आपण सगळ्यालाच हक्क म्हणतो, त्यात काय एवढं? कागद वाचून हा तडक माझ्या घरात शिरला, चपलाही न काढता. "अरे शहाण्या, दोन माणसांना एकच नाव ठेवलंस! हाक मारलीस तर येणार कोण?"

मला ओढत तो त्याच्या स्वयंपाकघरात घेऊन गेला. तिथे चहा-साखरेचं भिंतीतलं कपाट आहे, इथे त्याला प्रेस म्हणतात, दोन दारांचं. त्याने दोन चिठ्ठ्या लिहिल्या. डाव्या दारावर 'हात लावू नये', उजव्यावर 'हात द्यावा'. "लिबर्टीज म्हणजे हे डावं दार. तुझं बोलणं, तुझा देव, तुझं घर, तुझे कागद. इथे सरकारने हात लावायचा नाही. राइट्स म्हणजे उजवं. तुझ्या रंगावरून, धर्मावरून, बाई आहेस म्हणून कोणी शाळेत, नोकरीत, मतदानाला अडवलं, तर सरकारने गप्प बसायचं नाही, हात द्यायचा. एकीकडे त्याने मागे सरायचं, दुसरीकडे पुढे यायचं. डोक्यात शिरलं?" मी म्हटलं, शिरलं, पण ज्याच्याकडे लपवायला काही नाही त्याला डाव्या दाराची गरज काय? त्याने माझ्या खिशातला फोन काढून समोर धरला. "उघड. वाचू दे मला." मी तो हिसकावून घेतला. वहिनी पोळ्या लाटता लाटता इतक्या हसल्या, की लाटणं खाली पडलं.

गेल्या शरद ऋतूत त्याची लेक केतकी बाळंत व्हायची होती. ती बोस्टनला असते. वहिनी आधीच गेल्या होत्या. हेमंत आणि मी एकाच विमानाने निघालो, मी ऑफिसच्या कामासाठी. अमेरिकेला जाणाऱ्यांची तपासणी इकडेच, विमानात चढण्याआधी होते. काउंटरवर अमेरिकन अधिकारी बसलेले असतात. पायाखाली आयर्लंड, समोर अमेरिका, असं हेमंत म्हणायचा. अधिकाऱ्याने त्याच्याकडे फोन मागितला, उघडून. आवाज चढवला नाही, अगदी नीट सांगितलं: नाही दिलात तर आत घेता येईल असं नाही. मी मागेच उभा होतो. मी मराठीत म्हटलं, "दे ना रे, लपवायचंय काय तुला?" हेमंतने वळून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही... वर्गात पुन्हा तीच चूक करणाऱ्या मुलाकडे बघावं तसं. मग त्याने त्या अधिकाऱ्याला सांगितलं, मी प्रवेशाची विनंती मागे घेतो. मला म्हणाला, "तू जा. डिंकाचे लाडू माझ्या बॅगेत आहेत, तेवढे ने."

बोस्टनला पोटावर हात ठेवून केतकी दारात उभी होती. माझ्या मागे बघत म्हणाली, "व्हेअर्ज बाबा?" मी लाडवांचा डबा पुढे केला. दुसरं काय करणार होतो?

परत आल्यावर मी त्याला वाट्टेल ते बोललो. तुझं ते डावं दार तिथल्या लोकांसाठी आहे, वेशीवर उभ्या असलेल्या परक्या माणसासाठी त्यात काय ठेवलंय? "जवळजवळ काही नाही," तो म्हणाला, "मीच शिकवतो की ते." मग हळूच सांगितलं. त्याची एक विद्यार्थिनी तिकडे शिकायला गेली होती. ती एका निदर्शनाला गेली, आणि घाबरून महिनाभर त्याला लिहीत होती. कोण कोण होतं, पुढे काय होईल, व्हिसाचं काय. ते सगळं त्या फोनमध्ये. "अरे मग पुसून टाकायचं होतंस!" मी ओरडलो. "सुचलंच नाही रे," हेमंत म्हणाला. वीस वर्षं हाच विषय शिकवणारा माणूस, आणि त्याला सुचलं नाही! घरी सांगू नकोस म्हणाला, त्या मुलीचं नाव तोंडोतोंडी जायला नको. घरच्यांना वाटत राहिलं, बाबा तत्त्वासाठी अडून बसला.

नात झाली, वहिनी परतल्या. काउंटरवरून मागे फिरला त्या दिवशीच त्याचा जुना व्हिसा रद्द झाला होता, म्हणून त्याने नव्याने अर्ज केला, मुलाखतीची वाट बघत राहिला. रोज सकाळी चहा घेऊन तो फोनशी बोलत बसायचा, नातीसाठी गोष्टी बोलून ठेवायचा. भेटल्यावर एकदम ऐकवीन म्हणायचा. मार्चमध्ये तो गेला. केतकी चार महिन्यांचं बाळ घेऊन आली ते थेट त्याच्या शवपेटीपाशी. शेजारी इथल्या रीतीप्रमाणे हात हातात घेऊन 'सॉरी फॉर युअर ट्रबल' म्हणत होते, सँडविचची ताटं ठेवत होते, आणि ती मान हलवत होती.

तिसऱ्या दिवशी वहिनींनी तो फोन माझ्यापुढे ठेवला. तो उघडायचा आकडा कोणालाच माहीत नाही. "भावजी, तुमचं कामच हे ना? उघडा. त्याचा आवाज आहे आत." खरं सांगतो, मला उघडायचा होता. प्रयत्न केला असता तर कदाचित जमलंही असतं. पण ती मुलगी अजून तिकडेच आहे, आणि हे त्या घरात फक्त मला ठाऊक होतं. शेवटी मी नाव न घेता सगळं सांगितलं. केतकी उठली. "सो ही पिक्ड हर," म्हणाली, "ओव्हर अस." मग ओक्साबोक्शी रडली. मलाही तेच वाटत होतं. आजही वाटतं.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले, टेबलावरचा फोन उचलला, स्वयंपाकघरातल्या त्या कपाटाचं डावं दार उघडलं, आणि चहाच्या डब्यामागे तो ठेवून दिला.

मागच्या रविवारी मी वहिनींकडे गेलो होतो. त्या फोन आठवड्यातून एकदा बाहेर काढून चार्जिंगला लावतात. स्क्रीन उजळली, आकडा मागू लागली. वहिनींनी पदराने काच पुसली, पूर्ण चार्ज होईपर्यंत शेजारी बसून राहिल्या, आणि तो परत जागेवर ठेवून दार लावलं. चिठ्ठीचा एक कोपरा सुटला होता. तो त्यांनी अंगठ्याने दाबून चिकटवला.